आखूड दांड्याची कुऱ्हाड

घरी येणारा जो कोणी ही कुऱ्हाड हातात घेतो, तो हमखास विचारतो, "दांडा एवढा आखूड का? नवीन बसवलाच होता तर चांगला लांब बसवायचा." तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

कुऱ्हाड आजीची. सगळ्यांना वाटतं आजोबांची असणार. पण आजोबा परळच्या गिरणीत होते. पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीत तेव्हा घरटी एकजण तरी मुंबईला असायचा. शेती, गुरं, म्हातारी माणसं आणि सरपण हे सगळं मागं राहिलेल्या बायकांच्या अंगावर. आमच्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने लाकूड सुकायचं नाव नको, त्यामुळं मृगाच्या आत पडवी फोडलेल्या लाकडांनी भरलेली लागायची. ती आजी भरायची. तिची उंची पाच फुटांच्या आतली. कुऱ्हाड घडवली तेव्हा लोहारानं तिला हात लांब करायला लावला आणि काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत माप घेतलं. 24 इंच. 1982 च्या संपानंतर आजोबा कायमचे गावी आले, तेव्हा त्यांना ही कुऱ्हाड पेलेना म्हणण्यापेक्षा हातात बसेना. त्यांनी स्वतःसाठी वेगळी करून घेतली.

आजी गेल्यावर ती गोठ्याच्या आढ्यात खोचलेली राहिली, पंधराएक वर्षं. मी काढली तेव्हा पात्यावर गंजाचे पापुद्रे होते आणि दांडा तुंब्यापाशी, म्हणजे पात्याच्या भोकापाशी, चिरलेला. चुलतभावानं मदत म्हणून ती बाजारात नेली आणि एका वेल्डिंगच्या दुकानातून ग्राइंडरवर धार लावून आणली. धार चकचकत होती, पण एका टोकाला निळा-करडा डाग पडला होता. पोलाद 300 अंशांच्या वर तापलं की असा रंग चढतो आणि तिथलं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरतं. बाकीच्या धारेवर कानस घसरत होती, त्या टोकाला मात्र चावत होती. मला फार वाईट वाटलं. भावाला काही बोलले नाही.

मग पातं रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवलं. सकाळी काथ्यानं घासून धुतलं आणि उन्हात धरलं, तर गंजाखालून एक वाकडी रेघ वर आलेली. रेघेच्या वरचं लोखंड फिकट, खालचं पोलाद काळपट. जुने लोहार कुऱ्हाडीचं अंग साध्या लोखंडाचं करत आणि तोंडात पोलादाची पट्टी घालून, तापवून, घणाखाली एकजीव करत. लोखंड मार सोसतं, पोलाद धार धरतं. ती रेघ म्हणजे त्यांचा जोड. आणि तिच्यामुळंच कळलं की पोलाद आता फक्त दोन बोटं उरलंय. हातापासून लांबच्या टोकाला तर जेमतेम एक बोट. तेवढं पोलाद आजीनं वापरून संपवलं होतं.

आमच्या वाडीतला भाता कधीच थंडावला. पलीकडच्या गावात एक वयस्कर लोहार आहेत, त्यांच्याकडं गेले. त्यांनी रेघेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, पोलाद हाय तवर कुऱ्हाड, मग नुसतं लोखंड. आता मशीनला दिऊ नगा." त्यांनी लोणारी कोळशावर पातं लाल केलं, झिजलेलं टोक ठोकून थोडं पुढं ओढलं, आणि पुन्हा तापवून फक्त धार पाण्यात बुडवली. लगेच बाहेर काढून दगडाच्या तुकड्यानं घासली. मागच्या लोखंडातली उष्णता धारेकडं यायला लागली तसा उजळ पट्ट्यावर रंग सरकायला लागला. आधी पिवळट, मग मधासारखा, मग तपकिरी. तपकिरी धारेला टेकला मात्र, सगळं पातं पाण्यात. जरा उशीर झाला असता तर जांभळा, मग निळा आला असता. दुपारची वेळ होती, तरी त्यांनी दार लोटून अंधार केला होता. उजेडात तापाचा लाल रंग ओळखता येत नाही.

दांडा धामणीच्या लाकडाचा. धामण लवचीक असते, मार हातापर्यंत येऊ देत नाही. बांधावरच्या झाडाची सरळ फांदी दिवाळीनंतर काढली आणि चुलीवरच्या धुरात पावसाळ्यापर्यंत ठेवली. कुदळीसारखा दांडा वरून घालायचा, डोक्याकडं जाड, म्हणजे प्रत्येक घावागणिक पातं आणखी घट्ट होतं. कानशीनं साधारण आकार दिला, काचेच्या तुकड्यानं तासून गुळगुळीत केला, जवसाचं तेल पाजलं. माप माझ्या हाताचं घेतलं. तेही 24 इंचच भरलं. आजीच्या बांध्यावर गेलेय मी.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आखूड दांडा धोक्याचा असतो. घाव हुकला तर पातं सरळ नडगीकडं येतं. आजी म्हणूनच लाकूड जमिनीवर ठेवून कधी फोडत नसे. जांभळाच्या बुंध्याचं गुडघ्याएवढं खोडकं होतं तिचं. हुकलेला घाव खोडक्यात रुतायचा. मीही तसंच खोडकं केलंय. ते नसेल तर या कुऱ्हाडीला हात लावू नका, कोणीही असा.

घरात गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी अजून चुलवणावर तापतं, म्हणजे सरपण लागतंच. आजी सांगायची, "लाकडाला नगं, भेगंला मार." बाभळीचा ओंडका उभा करते, डोक्यावरची बारीक भेग शोधते, गाठ दिसली तर फिरवून घेते. घाव नीट बसला की लाकूड फाटल्याचा कोरडा आवाज येतो आणि दोन्ही फाळक्या खोडक्याच्या दोन बाजूंना पडतात. धार बोथटली की निसण्यावर पाणी टाकून दहा मिनिटं. ग्राइंडर नाही.

जुना दांडा आढ्यात परत खोचून ठेवलाय. त्याच्या शेजारी धुरात आणखी एक धामणीची फांदी सुकतेय. ती 26 इंचांची. लेकीला हात लांब करायला लावला होता.