आहे तशी झेपत नाही, तर घेतलीत कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. विचारणारे तुम्ही पहिले नाही. गेल्या दीड वर्षात हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की समोरच्यानं माझ्या मोटारसायकलकडे बघितलं की मला तो आधीच ऐकू येतो. "गाडी नवी कोरी आहे. कंपनीनं विचार करूनच बनवली असणार ना? मग दर सुट्टीला पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन तिच्यापाशी काय बसता?" आणि मग जरा आवाज खाली आणून, खरं विचारायचं असतं ते: "आहे तशी झेपत नाही, तर घेतलीत कशाला?"

आजवर "आवड आहे हो" एवढं म्हणून मी विषय बदलत आले. त्यामुळे तुमचा समज झाला की हा गाडी नटवायचा सोस आहे. त्यात मी आणि मुलगी गाडीवरून पडलो त्याबद्दल तुमच्या कानावर अर्धवट काहीतरी आलेलं. सोस आणि पडणं यांची सांगड तुम्ही आपापल्या परीनं घालून टाकलीत. आता एकदा नीट सांगते.

आधी झेपण्याबद्दल. माझी उंची पाच फूट तीन इंच, वजन ५४ किलो. गाडी पेट्रोल भरून २३० किलोच्या आसपास. हे आकडे घेताना मला माहीत होते. कंपनी गाडी बनवते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर कुणीतरी असतं, आणि ते कुणीतरी साधारण ७५-८० किलोचं, माझ्यापेक्षा वीतभर उंच असतं. बाकीचे लोक त्याच्यासारखे नसतात हे कंपनीलाही ठाऊक असतं, म्हणून तर ती मागच्या शॉकला प्रीलोडचा, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवायचा, नॉब देते, ब्रेक लिव्हरला बोटांच्या लांबीप्रमाणे फिरवायची चकती देते, काचेला वर-खाली जागा ठेवते. या गोष्टी फिरवायलाच दिलेल्या असतात. त्यांना हात न लावता गाडी चालवायची म्हणजे दुकानातून दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा आणून तोच डोळ्यांवर चढवायचा. यात कमीपणा कसला? ८० किलोच्या माणसानं हेच केलं तर त्याला तुम्ही जाणकार म्हणता.

हे मी तावातावानं सांगते खरं, पण पहिल्या आठवड्यात मी यातलं काहीही केलं नव्हतं. नॉबला हात लावला नव्हता, पुस्तिकेतलं सस्पेन्शनचं पान उघडलंही नव्हतं. गाडी यायच्या आधीच माझी यादी तयार होती. हँडल वर आणि माझ्याकडे आणणारे रायझर, उंच काच, मागून गाडी २५ मिलिमीटर खाली आणणारी लिंक, टॉप बॉक्स आणि कोरून घेतलेली सीट. पाचही गोष्टी एका दिवसात बसवून घेतल्या. संध्याकाळी गाडीवर बसले तर दोन्ही तळवे जमिनीला टेकले. मला वाटलं, झालं, आता ही माझी गाडी.

साइड स्टँडवर ती जवळजवळ सरळ उभी राहायला लागली होती, कारण गाडी खाली आली आणि स्टँड होता तेवढाच लांब राहिला. ते मी पाहिलं. रात्री हेडलाइट समोरच्या झाडाच्या शेंड्यावर पडला, तेही पाहिलं. दोन्ही वेळा मनात आलं, बघू नंतर. मागची बाजू खाली आणली की पुढचा काटाही यॉकमध्ये, म्हणजे तो धरून ठेवणाऱ्या पकडीत, थोडा वर सरकवून घ्यायचा असतो, नाहीतर स्टिअरिंगचा कोन पसरतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ज्यांनी काम केलं त्यांना माहीत असायला हवं होतं. आणि हातात पाना धरायची हौस मलाही होतीच, तर मीही विचारायला हवं होतं. दोन्ही खरं आहे.

पहिली सर्व्हिस १००० किलोमीटरला झाली. त्यानंतरच्या पहिल्या लांबच्या फेरीला मुलगी मागे बसून आली. तिचं वय १९. दोन्ही साइड बॉक्स भरलेले, टॉप बॉक्समध्ये आमची जॅकेटं, पाण्याच्या बाटल्या आणि कुलूप. टॉप बॉक्समध्ये पाच किलोच्या वर नको, असं पुस्तिकेत लिहिलंय. आमचं आठ तरी असेल. तो भार मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे आणि उंचावर होता. त्यात दोघींच्या वजनानं मागची बाजू आणखी दबलेली.

रस्ता चुकला म्हणून मी गाडी परत वळवायला घेतली. उजवीकडे पूर्ण वळण, रस्ता जरासा उतरता, आत बारीक खडी. असं वळण मी आयुष्यात शेकडो वेळा घेतलंय. पहिला गिअर, क्लच अर्धवट, मागचा ब्रेक हलका, मान वळवून जायचंय तिकडे नजर. अर्ध्यात आल्यावर हँडल माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त आत पडलं, थेट लॉकपर्यंत, म्हणजे वळतं तेवढं पूर्ण. आणि त्याच क्षणी गाडीतला जोर गेला. इंजिन बंद पडलं नव्हतं, चालू होतं. उलट आवाज किंचित वर चढला. मागचं चाक मात्र ढकलायचं थांबलं. माझी बोटं क्लचवर जिथं होती तिथंच होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. संथ वळणात गाडी उभी राहते ती त्या ढकलण्याच्या जोरावर. तो गेला आणि ती आतल्या बाजूला कलली. मी पाय टाकला तो उतारावर, खडीवर. ज्या २५ मिलिमीटरसाठी एवढा खर्च केला, ते उतारानं एका पावलात परत घेतले.

पडायला फार वेळ लागला नाही, तरी मला ते हळू आठवतं. साइड बॉक्सवर गाडी टेकली म्हणून आमचे पाय तिच्याखाली आले नाहीत. मुलीनं हात टेकवला. ती ओरडली नाही. उठून बसली, डावा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आई, आधी गाडी बंद कर." मागचं चाक हवेत हळूहळू फिरत होतं. मी किल स्विच दाबला, तेव्हा माझा अंगठा थरथरत होता. तिच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

त्या सहा आठवड्यांत तुमच्यातल्या बहुतेकांनी मला हा प्रश्न विचारलात, म्हणून माझा आवाज चढतो. चुकीच्या वेळी विचारलात.

गाडी घरी आल्यावर चारेक दिवस मी तिच्याकडे बघितलं नाही. मग एका रात्री ती सेंटर स्टँडवर घेतली आणि इंजिन बंद ठेवून क्लचचा लिव्हर दोन बोटांनी हलवून पाहिला. हँडल सरळ असताना लिव्हरच्या टोकाशी साधारण १२ मिलिमीटर प्ले, म्हणजे क्लच ओढला जायच्या आधीची मोकळी हालचाल, होता, पुस्तिकेत सांगितलाय तसा. हँडल डावीकडे लॉकपर्यंत नेलं, प्ले तेवढाच. मग उजवीकडे वळवायला घेतलं. अर्ध्यापर्यंत ठीक. पुढे लिव्हर बोटाखाली घट्ट व्हायला लागला, आणि लॉकला पोचेपर्यंत प्ले उरलाच नव्हता. केबलचं काळं आवरण फ्रेमच्या मानेशी सतारीच्या तारेसारखं ताणलेलं. रायझरनं हँडल वर आणि मागे आलं, केबल मूळ लांबीचीच राहिली. हँडल उजवीकडे पूर्ण फिरलं की केबल स्वतःच क्लच ओढत होती. म्हणजे क्लच पकडतो ती जागा माझ्या बोटांखालून सरकली होती.

मी फरशीवर बसून रडले. थोडी सुटकाही होती त्यात, लपवत नाही. कारण सापडलं होतं, आणि ते मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी मुलीला हे दाखवलं. तिनं डाव्या हाताचं प्लास्टर सांभाळत उजव्या हातानं लिव्हर हलवून पाहिला, मान डोलावली आणि म्हणाली, "हे आहेच. पण वळताना तू खाली बघत होतीस, आई. खडीकडे. माझ्या जागेवरून तुझं हेल्मेट दिसतं." नजर खाली गेली की हातही तिकडेच जातात, हे नव्या शिकणाऱ्यांना मीच सांगत आलेय. मी तिला म्हटलं, नव्हते बघत. मला अजूनही वाटतं की नव्हते. पण मागे ती होती, आणि माझं हेल्मेट मला दिसत नाही.

आता तुम्हीच सांगा, पडलो ते कशामुळे? केबलमुळे? मागची बाजू खाली आल्यानं ट्रेल, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाची रेघ जमिनीला जिथं मिळते तिथपासून पुढचं चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर, वाढतो, आणि ट्रेल वाढला की संथ वेगात हँडल स्वतःहून आत पडायला बघतं. त्यामुळे? टॉप बॉक्समधल्या आठ किलोंमुळे? खडीमुळे? माझ्या नजरेमुळे? पाच गोष्टी एकदम बदलल्या की सहावी घडते तेव्हा तिचं माप कुणाच्या पदरात घालायचं ते कळत नाही. त्या दिवशीची मी आता भेटले तर म्हणेन, बाई, एक एक कर. ती म्हणेल, दर वेळी एकच करत बसले तर चालवू कधी? तिचंही अगदीच चूक नाही. दीड वर्षातल्या कितीतरी सुट्ट्या फरशीवर गेल्यात.

मग मी सगळं उतरवलं. लिंक काढली, रायझर काढले, टॉप बॉक्स काढला. राहिली फक्त सीट. पुढच्या कडेला फोम कमी केला की मांड्या फाकत नाहीत, पाय सरळ खाली जातात, आणि गाडीच्या भूमितीला धक्का लागत नाही. त्यानंतर, म्हणजे जे पहिल्या दिवशी करायचं ते तिसऱ्या महिन्यात, सॅग मोजला, म्हणजे मी बसल्यावर गाडी किती दबते ते. मागचं चाक अधांतरी ठेवून आसापासून शेपटीवरच्या खुणेपर्यंत ६१२ मिलिमीटर. मी पूर्ण पोशाखात बसल्यावर ५८६. फरक २६. रस्त्यावरच्या गाडीला ३० ते ४० हवा. स्प्रिंग माझ्यासाठी कडक होती, माझ्या ५४ किलोंखाली ती पुरेशी बसतच नव्हती. नॉब सैल करत गेले. मोजायचं, बसायचं, उतरायचं, परत मोजायचं. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं मुलीनं. ५७७ वर थांबलो. चाकापाशी नऊ मिलिमीटर खाली आलो, आणि फूटपाथच्या कडेला माझी एक टाच पूर्ण टेकायला लागली. ज्यासाठी लिंक घेतली होती त्यातला मोठा वाटा गाडीत आधीपासूनच होता. हे सांगताना मला अजूनही राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते समजत नाही.

प्रीलोडनंतर रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग किती वेगानं परत वर येते ते. स्क्रू पूर्ण बंद करून तिथून किती क्लिक उघडले ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं. मी दोन-दोन क्लिक बदलते, त्याच ओळखीच्या रस्त्यावर, हवा थंड टायरमध्ये पुढे ३६ आणि मागे ४२ भरून. हवा वेगळी असेल तर बाकीची मापं फुकट. मुलगी आणि सामान असेल तेव्हा प्रीलोड पुन्हा वाढवावा लागतो, नाहीतर पुढचं चाक हलकं पडतं. वाढवला की ती बसायच्या आधी आणि उतरल्यावर गाडी उंच उभी राहते, टाचा उचलल्या जातात. म्हणून ती उतरते तेव्हा साइड स्टँड लागलेलाच असला पाहिजे, असं आमचं ठरलंय. तुम्ही म्हणता "काय बसता तिच्यापाशी", ते हे असतं.

काचेचं थोडक्यात. उंच काच आणली ती डोकेदुखीसाठी, आणि डोकेदुखी वाढली. काचेच्या वरच्या कडेवरून हवा फुटते, आणि ती फुटलेली हवा नेमकी माझ्या हेल्मेटवर आदळत होती. मूळ काच परत लावली. छातीवरचा वारा थांबतो, डोकं स्वच्छ हवेत राहतं. बीएमडब्ल्यूनं १९७६ साली आर १०० आरएस आणली, तेव्हा तिचं फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं कवच, पिनिनफारिनाच्या वायुबोगद्यात घडवलं होतं. काच बसवायचं काम वाऱ्याला विचारून करावं लागतं हे तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मी मात्र ती फोटो बघून निवडली. ग्रिप हीटर आणि फोनची वायर मी स्वतः ओढली, बॅटरीपाशी फ्यूज आणि चावीबरोबर बंद होणारा रिले घालून. त्यात काही बिघडलं नाही, म्हणून त्याबद्दल कुणी विचारत नाही.

राहता राहिले रायझर. ते नसताना दोन तासांनी माझे खांदे भरून येतात, तळहातांवर भार येतो आणि करंगळ्या बधिर होतात. म्हणजे त्यांची गरज खरी होती. लांब क्लच केबल मागवली, ती आली. ब्रेकची होजही मोजली, ती पुरते. गेल्या सुट्टीला सगळं परत बसवलं, बोल्ट टॉर्क रेंचनं आवळले, हँडल दोन्हीकडे लॉकपर्यंत पंचवीसेक वेळा फिरवलं. प्ले कुठेही हलत नाही. तरीही तुम्ही "आता झालं ना सगळं?" असं विचारलंत तेव्हा मला हो म्हणता आलं नाही.

पुढच्या फेरीला मुलगी मागे बसायला तयार आहे. तिची अट एकच आहे. आदल्या रात्री क्लचचा प्ले ती स्वतः तपासणार, आणि तेव्हा मी तिथं उभं राहायचं नाही. ऐकून मला वाईट वाटलं. मी हो म्हटलं.