सोलापूर ते नारकंडा : छोट्या उतारावर स्कीइंग शिकताना

स्कीइंग म्हटलं की आपल्याकडे लगेच गुलमर्गचं नाव निघतं. माझं म्हणणं वेगळं आहे. सोलापूरसारख्या सपाट, उन्हाच्या गावातून उठून पहिल्यांदाच बर्फावर उभं राहायचं असेल, तर छोटा उतार शोधावा. आणि सामानात सगळ्यात जास्त वेळ बुटांना द्यावा. स्की कोणत्या कंपनीच्या, जॅकेटचा रंग कोणता, हे सगळं त्यानंतर. मी पंचेचाळिशीत पुतणीला बरोबर घेऊन हे सगळं केलं, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्याकडून कुणी जाणार असेल तर त्याला उपयोग व्हावा.

जागा ठरवायलाच आमचा बराच वेळ गेला. गुलमर्गला शिकाऊ लोकांसाठी सौम्य उतार आहेत, पण त्याची ख्याती आहे ती गोंडोल्याने, म्हणजे केबल कारने, अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ ४,००० मीटरवर पोचवणाऱ्या वरच्या टप्प्यामुळे, आणि तिथून खाली येणं नवशिक्याचं काम नाही. उत्तराखंडातल्या औलीचा उतार सुरेख. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा तिथे झाल्या होत्या. पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली आणि तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला. मनालीच्या सरकारी पर्वतारोहण संस्थेचा सोलंगचा कोर्स शिस्तीचा आणि चांगला, पण त्याला लागतात तेवढ्या सलग सुट्ट्या कारखान्यातून मिळणं अवघड होतं. मग नारकंडा नक्की केलं. सिमल्याच्या पुढे साठ-पासष्ट किलोमीटरवर, हिंदुस्थान-तिबेट रस्त्यावर, साधारण २,७०० मीटर उंचीवरचं हे लहानसं गाव. आजूबाजूला सफरचंदाच्या बागा, वर हाटू शिखर, आणि स्कीइंगसाठी देवदारांच्या मधला एक आटोपशीर उतार. वरून पाहिलं तर तळाशी उभा असलेला माणूस ओळखू येतो. पहिल्यांदा शिकताना हेच हवं असतं, कारण वेग हाताबाहेर गेला तरी खाली सपाट जागा येते आणि आपण आपोआप थांबतो.

तारखांबाबत मात्र घाई करू नका. या भागातला बर्फ वेस्टर्न डिस्टर्बन्सवर, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या हिवाळी वादळांवर अवलंबून असतो. जानेवारी २०२४ मध्ये बहुतेक महिनाभर ती वादळं आलीच नाहीत आणि ऐन हंगामात गुलमर्गसुद्धा कोरडं पडलं होतं. छोट्या उतारांवर कृत्रिम बर्फ तयार करायची सोय नसते. त्यामुळे आम्ही फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा मोकळा ठेवला, हॉटेलवाल्यांना फोन करत राहिलो आणि बर्फ पडल्याची खात्री झाल्यावरच निघालो. तोवर इकडे सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा आटोपत आली होती. आई म्हणत होती, "बर्फात जाऊन पाय मोडून घेतलीस तर इथं कोण बघणार गं?" पुतणीने तिला परस्पर सांगून टाकलं, "आज्जी, आत्याचे पाय माझ्यापेक्षा घट्ट आहेत, तू काळजी करू नको की."

पाय घट्ट करायला आम्ही मेहनतही घेतली होती. सोलापुरात चढ-उतार शोधूनही सापडत नाहीत, म्हणून इमारतीचा जिना धरला. चढण्यापेक्षा उतरण्यावर भर दिला, कारण स्कीइंगमध्ये मांड्या ताणलेल्या अवस्थेतच वजन पेलतात, आणि जिना सावकाश उतरताना त्यांना तेच करावं लागतं. रोज भिंतीला पाठ टेकून, खुर्चीत बसल्यासारखं अधांतरी बसायचं. पहिल्या आठवड्यात मांड्या थरथरायच्या, नंतर सवय झाली.

आता कपडे. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात क्वालिटी बघते, त्यामुळे हा विषय माझ्या हातातला. आमचा टेरी टॉवेल चांगला कशाला म्हणायचा? जो पाणी पटकन पितो आणि धरून ठेवतो. कापसाचा हा गुण अंग पुसताना सोन्यासारखा, आणि बर्फावर तोच जिवावर उठतो. घामाने भिजलेला सुती बनियन अंगाला चिकटतो, वाळत नाही, आणि थांबल्याबरोबर अंगातली ऊब ओढून घेतो. लॅबमध्ये आम्ही धाग्याचा मॉइश्चर रिगेन, म्हणजे कोरडा धागा हवेतला ओलावा किती टक्के शोषतो ते, बघतो. कापसाचा साधारण साडेआठ टक्के, पॉलिएस्टरचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. लोकरीचा तर कापसापेक्षा जास्त, पण लोकर ती वाफ तंतूच्या आत घेते आणि बाहेरचा पृष्ठभाग कोरडा राहतो, म्हणून ती ओलसर असतानाही उबदार लागते. हे माहीत असल्यामुळे निर्णय सोपा झाला. अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ थर, दोनशे जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आतबाहेरचा. त्यावर फ्लीस, म्हणजे पॉलिएस्टरचा लवदार, उबदार थर. सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट आणि पँट. जॅकेट घेताना लेबलवरचा, कापड पाण्याचा किती दाब अडवतं ते सांगणारा दहा हजार मिलिमीटरचा आकडा बघितलाच, पण त्याआधी कपडा उलटा करून शिलाईवर आतून टेप आहे का ते पाहिलं. कापड कितीही चांगलं असलं तरी सुईच्या भोकांतून पाणी येतंच. हातमोजे बोटं एकत्र राहणारे, मिटन पद्धतीचे घेतले.

मोज्यांचं मुद्दाम सांगते, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक जण दोन-दोन जोड चढवून येतो. एकच जोड घालावा, लोकरीचा, पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारा. दोन मोजे घातले की बुटात पाय दाबला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. घडी पडली तर नडगीवर वळ उठतो तो वेगळाच.

गॉगल आणि हेल्मेटही आम्ही स्वतःचं घेतलं. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, त्यामुळे साध्या चष्म्यावर भागत नाही. स्वच्छ उन्हासाठी एस-थ्री प्रकारची गडद काच, ढगाळ दिवसासाठी फिकट एस-वन. हेल्मेटवर ईएन १०७७ हे मानक छापलेलं असावं. गॉगल आणि हेल्मेट एकत्र घालून बघा. दोन्हींच्या मध्ये कपाळाची पट्टी उघडी राहिली तर वारा नेमका तिथेच झोंबतो.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून कालका. पुढे सिमल्यापर्यंत १९०३ ची ९६ किलोमीटरची छोटी रेल्वे, जी २००८ पासून जागतिक वारशात आहे. तिचे बोगदे आणि पूल बघत पुतणीने खिडकी सोडली नाही. सिमल्याहून बस.

खरी परीक्षा भाड्याच्या दुकानात होती. दुकानदाराने माझा चपलेचा नंबर विचारला आणि एक बूट पुढे केला. मी म्हटलं, "भैया, नंबर से नहीं, सेंटीमीटर से देखेंगे." स्की बुटांचं माप मोंडोपॉइंटमध्ये असतं, म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. घरी कागदावर टाच भिंतीला लावून दोन्ही पावलं मोजून ठेवली होती. माझं मोठं पाऊल २३.८. याचा अर्थ २४ किंवा २४.५, आणि गंमत अशी की बहुतेक बुटांत या दोन्ही मापांचं बाहेरचं प्लास्टिकचं कवच एकच असतं.

मग कवचाची चाचणी. आतला मऊ लायनर बाहेर काढायचा, रिकाम्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे हलकी टेकवायची आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघायचं. दीड-दोन सेंटिमीटर, म्हणजे एक-दोन बोटं मावली की ठीक. माझ्या मागे तर अख्खी मूठ मावत होती. दुसरा बूट मागितला, तिसरा मागितला. एक जोड मागून उघडणारा, ऐंशीच्या दशकात चालायचा तसला. त्यात टाच जागेवर राहत नव्हती, म्हणून तो बाजूला ठेवला. शेवटी चार बकलांचा, मऊ फ्लेक्सचा (म्हणजे पुढे सहज वाकणारा), बायकांसाठीचा बूट निघाला. बायकांच्या पोटऱ्या खाली भरतात, म्हणून त्या बुटांची मान थोडी बुटकी आणि रुंद असते. घालून सरळ उभी राहिले तेव्हा बोटं पुढे टेकत होती. गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली तशी बोटं मागे सरली आणि टाच बसली. हाच तो फिट. बकलं आवळून मी दुकानातच पंधरा-वीस मिनिटं फिरले. कुठे टोचत असेल तर ते तिथेच कळतं.

स्की निवडणं त्यामानाने झटपट झालं. माझी उंची १५७ सेंटिमीटर, शिकाऊ माणसाला हनुवटीपर्यंतची स्की पुरे, म्हणून १४० ची घेतली. जुन्या सरळ, लांबलचक फळ्या कोपऱ्यात होत्या, त्या नको म्हटल्या. नव्वदच्या दशकापासून टोकांना रुंद आणि मध्ये बारीक अशा आकाराच्या स्की आल्या, त्या कडेवर कलल्या की स्वतःहून वळायला मदत करतात. कडेची पोलादी पट्टी तपासायला अंगठ्याचं नख तिच्यावरून आडवं ओढायचं. नखाचा बारीक भुगा निघाला तर धार आहे. नुसतं घसरलं तर ती स्की गोठलेल्या बर्फावर पकडणार नाही. काठ्या उलट्या धरून, चकतीच्या खाली मूठ ठेवून कोपर काटकोनात येतं का तेवढं पाहिलं.

बाइंडिंगपाशी, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीपाशी, मात्र मी अडून बसले. पडल्यावर बूट स्कीपासून किती जोराने सुटेल हे तिथल्या छोट्या खिडकीतल्या डीआयएन आकड्यावर ठरतं. वजन, उंची, वय, चालवण्याची पद्धत आणि बुटाच्या तळाची लांबी या सगळ्यांवरून तो काढतात, त्याचा आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा तक्ता असतो. तळाची लांबी बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, माझ्या बुटावर २८५ होती. खिडकीत आधीच्या कुणा वजनदार गिऱ्हाइकाचा ७ आकडा तसाच होता. तशा बाइंडिंगमध्ये मी पडले असते तर बूट सुटला नसता आणि सगळा पीळ गुडघ्यावर आला असता. दुकानदार म्हणाला, "चलेगा मॅडम." मी म्हटलं, "नहीं चलेगा." शिकवणारे सर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले, तक्त्याप्रमाणे पुढचा आणि मागचा दोन्ही आकडे खाली आणले, पुतणीचेही तपासले, आणि मगच आम्ही बाहेर पडलो.

आम्ही होतो त्या उतारावर लिफ्ट नव्हती. दर वेळी खाली आलं की स्कीसकट वर चढायचं. स्की उताराला आडव्या ठेवून, वरच्या बाजूची कड बर्फात रुतवत एकेक पायरी. अर्ध्या तासात घाम फुटतो. मेरिनोचं मोल मला तिथे कळलं. बाजूच्या ग्रुपमधली मुलं सुती टी-शर्टवर जाड जॅकेट घालून चढत होती आणि चहाला थांबली की कुडकुडत होती. आम्ही चढताना फ्लीस कमरेला बांधायचो, वर पोचल्यावर घालायचो. लिफ्ट नसल्याचा फायदाही झाला. चढता चढताच पायाला कडेची ओळख झाली, आणि पुढे थांबण्यासाठी तीच कामाला आली.

पहिला धडा थांबण्याचा. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची फाकवलेली, टाचांनी बाहेर दाब द्यायचा. भीती वाटली की माणूस मागे झुकतो. मागे झुकलं की पुढच्या टोकांवरचं वजन जातं, स्की ऐकेनाशा होतात आणि वेग वाढतो. नडगी बुटाच्या जिभेवर दाबून ठेवली तर त्या लगेच वळतात. सर दिवसभर एकच सांगत होते, "दीदी, घाटी देखो, स्की मत देखो." नजर खाली दरीकडे गेली की खांदे आपोआप पुढे येतात. पुतणीला हे तासाभरात जमलं. मला दुसऱ्या दिवशी दुपारी पहिलं सलग वळण मिळालं, डावीकडून उजवीकडे, न थांबता. तेव्हा तोंडातून मोठ्याने "जमलं की!" निघालं आणि वरून पुतणीने टाळ्या वाजवल्या.

बर्फाच्या वेळा लक्षात ठेवा. रात्री गोठलेला थर सकाळी काचेसारखा कडक असतो, नवशिक्याला तो नकोच. साडेदहा-अकरानंतर वरचा थर मऊ होतो, तिथून जेवणापर्यंतचा वेळ उत्तम. दुपारी बर्फ भिजतो, स्कीला ओढ लागते आणि दमलेले पाय नेमके तेव्हाच चुकतात. आम्ही तीन वाजता आवरायचो. आणि स्की चढवण्याआधी दर वेळी बुटाचा तळ काठीने झटका. तिथे दाबलेला बर्फ राहिला तर बाइंडिंग नीट बसत नाही, आणि मग डीआयएनच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

परत आल्यावर मैत्रिणी विचारतात, स्वतःच्या स्की घ्यायच्या का. वर्षातून एकदा जाणाऱ्याने घेऊ नयेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात माळ्यावर पडून स्कीच्या तळाचं मेण वाळतं, कडा गंजतात, आणि रेल्वेत न्यायची कटकट असतेच. मी आधी बूट घेणार आहे, तेही पायात घालून बघूनच, रुंदी १०२ मिलिमीटरच्या आसपास, कारण माझा पंजा रुंद आहे. पुतणीचं पाऊल अजून वाढतंय, तिला सध्या भाड्याचेच. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा नारकंडाच. तोच उतार, या वेळी दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं शिकायला.