माझं ऑपरेशन कोण करणार?

दीड महिना मी हा एकच प्रश्न विचारत होते आणि दर वेळी माझ्या हातात पॅकेजचा कागद ठेवला जात होता. वर्ष उलटलं तरी तो राग गेलेला नाही. वजनाच्या ऑपरेशनसाठी सर्जन शोधणाऱ्या कुणाचे तरी हेलपाटे वाचावेत म्हणून लिहितेय.

तेव्हा माझं वजन १०१ किलो, उंची १५५ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४२. शुगर इन्सुलिनवर गेलेली. झोपेत श्वास अडकायचा, हे रात्र रात्र माझ्याकडे बघत जागे राहायचे. डाएट, चालणं, काढे सगळं करून झालं होतं. ऑपरेशन करायचं हे माझ्या डायबेटीसच्या डॉक्टरांनी सुचवलं आणि मला पटलं. तिथवर काही अडलं नाही.

अडलं ते पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात. साताऱ्याहून पहाटेची एसटी धरून गेले. लठ्ठपणाचा विभाग, आणि बाहेर ठेवलेल्या खुर्च्या दोन्ही बाजूंनी लोखंडी हातांच्या! त्यात मी बसूच शकत नव्हते. सव्वा तास भिंतीला टेकून उभी राहिले, माझ्यासारख्याच आणखी दोघी शेजारी उभ्या. तेव्हाच परत फिरायला हवं होतं.

सर भेटले ते चार-पाच मिनिटं. फाइल चाळली आणि म्हणाले, "स्लीव्ह करून टाकू." मी विचारलं, "तुम्ही स्वतः करणार ना?" तर म्हणाले, "आमची मोठी टीम आहे, काळजी करू नका." मग मला काउन्सेलर मॅडमकडे पाठवलं. टेबलावर जठराचं गुलाबी प्लॅस्टिकचं मॉडेल होतं. त्याचा मोठा भाग काढून दाखवला, स्लीव्हमध्ये जवळजवळ ७५-८० टक्के जठर कायमचं जातं म्हणून सांगितलं. नंतर कॅल्क्युलेटर पुढे ओढून सेमी-प्रायव्हेट किती, सिंगल रूम किती, हे सुरू झालं.

मी वहीत प्रश्न लिहून नेले होते. सरांनी स्वतःच्या हातानं वर्षात किती ऑपरेशनं केली? त्यात स्लीव्ह किती, बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात ते) किती? किती जणांना परत टेबलावर घ्यावं लागलं? माझ्या दिवशी जठर कापून टाचणारं स्टेपलर कुणाच्या हातात असेल? मॅडम म्हणाल्या, "ताई, आमची हजारोंनी झालीत." हा आकडा एका सर्जनचा की सगळ्या शाखांचा मिळून, ते त्यांना सांगता येईना. "विचारून कळवते," म्हणाल्या. मी तीनदा फोन केला. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर यायचं नाही. बाराव्या दिवशी मेसेज आला, तो या महिन्यात पॅकेजवर सूट आहे असा.

तरी दुसऱ्यांदा गेले, तिसऱ्यांदाही गेले. तिसऱ्या वेळी पंचवीस हजार आगाऊ भरा म्हणून संमतीपत्र पुढे केलं. त्यावर सर्जनच्या नावाची जागा कोरी होती, पुढे फक्त "व सहकारी" छापलेलं. मी म्हटलं, इथं नाव लिहा, मग सही करते. मॅडम म्हणाल्या, "ते ऑपरेशनच्या दिवशी भरतात." मी पेन खाली ठेवलं आणि उठले.

माझी नणंद परिचारिका आहे. ती पहिल्यापासून सांगत होती, "वहिनी, बोर्डावरचं नाव सोडा, थिएटरच्या यादीत कुणाचं नाव लागतं ते विचारा." माझा हट्ट वाजवी होता का, असं घरात कुणी कुणी विचारलं. २०१३ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वीस सर्जननी आपापल्या दुर्बिणीतून केलेल्या बायपासचे व्हिडिओ दिले आणि दुसऱ्या सर्जननी नाव न कळता त्यांच्या हाताला गुण दिले. तळाच्या गटातल्या सर्जनच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के, वरच्या गटात ५.२. सगळे नियमित हेच काम करणारे! म्हणून हात कुणाचा, हे विचारायचंच.

नणंदेनंच दुसरे सर्जन सुचवले. त्यांनी वीस मिनिटांत सगळं सांगितलं. संगणकावर स्वतःची यादी उघडली, वर्षवार आकडे दाखवले. टाके गळण्याचे, म्हणजे लीकचे, तीन रुग्ण झाले होते. ते कसे लक्षात आले आणि पुढे काय केलं, हेही मी न विचारता सांगितलं. त्या तिघांमुळे माझा त्यांच्यावर जास्त विश्वास बसला. शिवाय आधी एंडोस्कोपी करू म्हणाले, जी पहिल्या ठिकाणी कुणी केलीच नव्हती. त्यात हायटस हर्निया निघाला, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला. मला जळजळ आधीपासून होतीच. स्लीव्हनंतर ती वाढू शकते, म्हणून बायपास ठरला. दोन्ही ऑपरेशनं सारख्याच सरावानं करणारा माणूस शोधा, हे मी त्या दिवशी शिकले. एकच येत असेल तर तेच सगळ्यांना सुचवलं जातं.

विम्याचं राहिलंच. पॉलिसीत वजनाच्या उपचारांचं कलम असतं, 'एक्सक्ल ०६' असं लिहिलेलं. बीएमआय ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ वा त्याहून जास्त असून हृदयविकार, आटोक्यात नसलेली शुगर किंवा तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) असेल, तर ऑपरेशन बसू शकतं. प्रतीक्षा काळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर किती थांबावं लागतं, तो मात्र आधी तपासा. माझं कॅशलेस सरळ मंजूर झालं.

ऑपरेशनआधीचे पंधरा दिवस कमी उष्मांकाचं खायचं, यकृत आकसावं म्हणून. ते खरंच पाळा, सर्जनला आत जागा मिळते. आणि बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचं आहे, हे घरच्यांसमोर वदवून घ्या. माझं वजन आता ६९ आहे, इन्सुलिन बंद झालं आणि हे रात्री झोपतात.

आणखी एक विचारा: घरी सोडल्यावर रात्री फोन कोण उचलणार? मला बजावलं होतं की नाडी १२० च्या वर गेली, ताप आला किंवा पोट दुखायला लागलं तर वेळ न बघता फोन करा, कारण लीकची पहिली खूण बऱ्याचदा नाडीच देते. सहाव्या रात्री पाणी घाईनं प्यायले, छातीत कळ आली. साडेअकराला फोन केला. त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांनी पहिल्या रिंगला उचलला, मला घड्याळ समोर धरायला लावलं आणि पूर्ण मिनिटभर नाडी मोजून घेतली. ९२ भरली. "घोट घोट प्या, आता झोपा, सकाळी परत मोजू," म्हणाले. सकाळी सातला सरांचा स्वतःचा फोन आला.