"रिकामीच हाय की वो!"

२०२४ च्या ऑगस्टात स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं आणि इकडं बेळगावात पोरांना नेमबाजी कुठं शिकवतात, अशी आईबापांकडून चौकशी सुरू झाली. त्याचं कांबळवाडी राधानगरी तालुक्यातलं. निपाणी ओलांडली की आलंच की कोल्हापूर, त्यामुळे ते पदक आम्हाला घरातलंच वाटलं. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेला माणूस, एका लहानशा १० मीटर रेंजवर हाताला लागेल ते काम करायचो. नवशिक्यांची पहिली तुकडी माझ्याकडे आली. १२ पोरं, ११ ते १५ वयाची, दर रविवारी सकाळी सातला.

फौजेत नव्या भरतीच्या रंगरुटांना मी चांदमारीवर पुष्कळ नेलंय. रंगरुटाच्या मनात हत्याराचा धाक असतो. या पोरांच्या मनात तो नव्हताच. पहिल्या दिवशी टेबलावर रिकामी एअर रायफल ठेवली आणि एकेकाला म्हटलं, उचल. १२ पैकी ९ जणांचं बोट उचलता उचलताच थेट ट्रिगरवर गेलं. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल हातात आलं की पहिलं काय करतात? चाप ओढायचा आणि मित्रावर रोखायचं. ती सवय पाच-सहा वर्षं मुरलेली. माझं खरं काम नेम शिकवण्याआधी ही सवय मोडण्याचं होतं.

म्हणून पहिले तीन रविवार छर्रा दिलाच नाही. रायफल टेबलावर, तोंड टार्गेटकडे, लिव्हर उघडी, नळीत केशरी दोरी. ही दोरी मागून पुढपर्यंत आरपार जाते. दोन्ही टोकं बाहेर दिसली म्हणजे नळीत काही नाही, हे लांबूनसुद्धा कळतं. बोट दस्त्यावर सरळ ताणलेलं. उचल, ठेव, मागे हो. पुन्हा उचल. एका वडिलांनी विचारलंच, "फी भरून महिना होत आला की वो सर, गोळी कधी मारायची?" मी त्यांना छर्रा तळहातावर ठेवून दाखवला. शिशाचा, ४.५ मिलिमीटरचा. या मापाच्या आणि २० जूलपर्यंतच्या ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून लोक तिला खेळणं समजतात. डोळ्याला लागला तर डोळा जातो. कडक पृष्ठभागावर आपटला तर उलटून येतो, म्हणून रेंजवर चष्मा घालायचा. त्यांनी ऐकून घेतलं.

चौथ्या रविवारी छर्रे दिले, आणि त्याच दिवशी ते घडलं. एका पोराची आई डबा द्यायला आली आणि मागून तिनं हाक मारली. पोरगं "काय गं?" म्हणत वळलं, रायफलीसकट. नळी शेजारच्या दोघांच्या छातीवरून फिरत माझ्यापर्यंत आली. मी "स्टॉप!" म्हणून ओरडलो, नळी हातानं छताकडे केली, रायफल काढून घेतली. पोर रडवेलं होऊन म्हणालं, "सर, रिकामीच हाय की वो!"

खरंच रिकामी होती. त्यानं छर्रा भरलाच नव्हता. पण मला रात्रभर झोप लागली नाही. बंदुकीच्या किती अपघातांनंतर माणसं हेच वाक्य बोलतात! त्या पोराला मी रागावलो नाही. चूक माझी होती. हाक आली की माणूस वळतो, हे मला ठाऊक होतं आणि तरी फायरिंग लाइनच्या मागे पालक उभे राहू दिले होते.

पुढच्या रविवारपासून पालक दाराबाहेर. आणि मी मुद्दाम हाका मारायला लागलो. पोर नेम धरून उभं असताना मागून त्याचं नाव घ्यायचं. त्यानं आधी बोट काढायचं, रायफल टेबलावर ठेवायची, हात सोडायचा, मग मान वळवायची. सुरुवातीला सगळे फसले. सहाव्या रविवारी एकही फसला नाही. ती शांतता ऐकून मला जो आनंद झाला, तो कुणी टार्गेटच्या मधोमध, दहावर मारल्यावरही झाला नसता.

"स्टॉप"चंही ठरवावं लागलं. तुकडीत मराठी घरची, कन्नड घरची, उर्दू बोलणारी पोरं. मी घाईत "थांबा" म्हणायचो आणि दोघं-तिघं एक क्षण उशिरा थांबायची. तो क्षण परवडत नाही. म्हणून सगळ्यांसाठी एकच शब्द, आणि तो कुणीही ओरडायचा, अकरा वर्षांच्या पोरानंसुद्धा. ओरडणाऱ्याला चुकलास म्हणायचं नाही.

हात धुण्यावरून मात्र अजून भांडण होतं. शिसं बोटांना लागतं आणि पोरं तशीच वडापावाला धावतात. नळाशी मी स्वतः उभा राहतो, साबण घेऊन.

खानापूरकडची एक मुलगी आहे, तेरा वर्षांची. घरी आजोबांकडे शेतराखणीची ठासणीची बंदूक, परवान्याची. तिनं घरी जाऊन दोरीची गोष्ट सांगितली. पुढच्या रविवारी मला म्हणाली, "सर, आजोबा म्हणाले, ठासणीत दोरीनं काय कळत नाही. ते तोंडातून गज सोडून बघतात. नळी रिकामी असली की गज कुठपर्यंत जातो त्याची खूण केलीय. खूण वर राहिली की आत बार हाय."

मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि ते परत सांगायला लावलं.