बारावा माणूस येईपर्यंत

कराडच्या स्टँडबाहेर वडापमध्ये बसून ज्याने "अजून दोन सीट, की निघालोच" हे ऐकलंय, त्याला पुलाऊ उबिन बेटावर कसं जायचं हे वेगळं सांगायला नको. चांगी पॉइंटच्या धक्क्यावर वेळापत्रक नाही. बाकड्यावर बसायचं, बारा डोकी जमली की लाकडी होडी सुटते. माणशी चार डॉलर, रोख, थेट होडीवाल्याच्या हातात. मी सातवी होते.

आणि हे सिंगापुरात! दोन आठवडे क्लायंटच्या ऑफिसात मी पंधरा-पंधरा मिनिटांच्या मीटिंगा करत होते. मिनिटभर उशिरा आलेला माणूसही तिथे सॉरी म्हणतो. शनिवारी आमची टीम मुस्तफात चॉकलेटं आणि बाम घ्यायला गेली, मी इकडे आले. बारावा माणूस यायला पंचवीस मिनिटं लागली. कुणी घड्याळ बघितलं नाही. (मी बघितलं.)

होडी जेमतेम दहा मिनिटांची. मध्येच फोन वाजला: मलेशियात आपलं स्वागत आहे. समोरच जोहोर, त्यामुळे तिकडचं नेटवर्क पकडतं. रोमिंगच्या धास्तीने फोन बंद केला, ते एक बरंच झालं.

धक्क्याजवळ भाड्याच्या सायकली मिळतात. माझ्या सायकलची चेन तीनदा पडली. तिसऱ्यांदा ती बसवताना ग्रीसने हात काळे करून मी रस्त्याच्या कडेला बसले होते, तेव्हा झुडपातून रानडुकरीण निघाली, मागे पट्ट्यापट्ट्यांची चार पिल्लं. माझ्या पिशवीत केळी होती. ती पिशवीकडे बघतेय, मी तिच्याकडे. शेवटी पिशवी पोटाशी धरून मी हळूच उभी राहिले, तशी ती फुरफुरून निघून गेली. डुकरांना खायला घालू नका अशी पाटी पुढे दिसली. पाटी नेहमी पुढेच असते.

पूर्वेच्या टोकाला चेक जावा ही पाणथळ जागा. सायकल बाहेर ठेवून तिवरांमधल्या लाकडी वाटेने चालत जायचं. ओहोटी होती. चिखलात एकच नांगी मोठी असलेले इवलाले खेकडे, सगळे ती नांगी वरखाली करत होते, कुणाला तरी बोलावल्यासारखे. 2001 साली इथे भराव घालायचं ठरलं होतं. लोक ओहोटीला येऊन हे सगळं बघून गेले, बोलले, आणि भराव लांबणीवर पडला. जवळच 1930 च्या दशकातला इंग्रजी थाटाचा बंगला आहे. त्यात चक्क शेकोटीची चूल! विषुववृत्तापासून दीड अंशावर! साहेबाला घराची आठवण किती आली असेल.

मात्र "अस्पर्श बेट" वगैरे जे लिहितात ते मला पटलं नाही. परतताना दगडखाणी लागल्या, आता हिरव्या पाण्याने भरलेल्या, काठावर बगळे. सिंगापूर आणि जोहोर जोडणाऱ्या 1924 च्या कॉजवेत इथलाही ग्रॅनाइट आहे. शंभरहून जास्त वर्षं इथे सुरुंग उडत होते, हजारोंनी माणसं राहत होती. खाणी बंद पडल्या, माणसं समोरच्या उंच इमारतींत गेली. आता उरलेत मोजके म्हातारे, विहिरी आणि जनरेटर. पत्र्याच्या एका घराच्या ओसरीवर रिकामी खुर्ची होती, शेजारी झाडू टेकवलेला. पाटण खोऱ्यातलं माझ्या आत्याचं गाव असंच शांत आहे. तिथल्या निम्म्या कुलपांच्या किल्ल्या मुंबईला गेल्यात.

संध्याकाळी परतीच्या धक्क्यावर आम्ही आठच जण. होडीवाले आजोबा निवांत बसलेले. अर्धा तास झाला तरी नववा येईना. वडापमध्ये बाबा करायचे तेच मी केलं, बोटांवर हिशोब मांडला: बारा चोक अठ्ठेचाळीस, भागिले आठ, माणशी सहा. सगळ्यांनी मान डोलावली, आजोबांनीही. मी पैसे गोळा केले, इंजिन धडधडलं, दोर सुटला, आणि तेवढ्यात धक्क्यावरून एक जोडपं हात हलवत पळत आलं.

आजोबांनी होडी वळवून त्यांना घेतलं, त्यांचेही तेवढेच पैसे घेतले. मग प्रत्येकाला एकेक डॉलर परत दिला. दोन स्वतःकडे ठेवले.