बाळाची नाचणी, मुगाची खिमटी आणि पाण्याची जागा : माझा अनुभव

उष्टावणाला तीन आठवडे असताना अर्धा किलो नाचणी भिजवली आणि ती सगळी फेकून द्यावी लागली. नाचणी 12 तास भिजवायची, असं सगळीकडे सांगतात. सोलापूरच्या एप्रिलमध्ये, पारा 42च्या पुढे असताना, तेवढ्या वेळात पाण्यावर फेस धरतो, दाणा बुळबुळीत होतो आणि आंबूस वास सुटतो. अशी नाचणी कितीही धुतली तरी तो वास पिठात उतरतो. दुसऱ्या खेपेपासून उन्हाळ्यात 8 तासच भिजवते आणि दर तीन तासांनी पाणी बदलते. डिसेंबरात मात्र 12 तास लागतातच.

भिजवण्याआधी नाचणी तीन-चार वेळा रोळून घ्यायची. दाणा इतका बारीक असतो की खडा ताटात निवडून सापडत नाही; पाण्यात हलवून वरची नाचणी हळूहळू दुसऱ्या भांड्यात घेतली की वाळू तळाशी राहते. मग पूर्ण निथळून, धुवट सुती कापडात सैल बांधून चाळणीत ठेवायची. गच्च बांधली तर आतला भाग तापतो आणि तिथेच कुजायला लागतो. कापड कोरडं वाटलं की पाण्याचा हबका मारायचा, ओतायचं नाही. उन्हाळ्यात 18 ते 24 तासांत मोड येतात, थंडीत 40 तास धरावे. मोड दाण्याएवढा झाला की थांबायचं.

वाळवताना माझा दुसरा धडा झाला. गच्चीवर पसरलेली नाचणी वाऱ्याने धुळीने माखली. आता घरातच, पंख्याखाली, धुतलेल्या चादरीवर दोन दिवस पसरते आणि शेवटी तासभर वर पातळ कापड घालून ऊन दाखवते. दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे. मऊ चावला गेला तर आत ओल आहे, आणि त्या पिठाला पंधरा दिवसांत जाळी धरते. वाळल्यावर हातांनी चोळून, पाखडून मोड काढायचे. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर 8-10 मिनिटं भाजायची, खमंग वास आला की उतरवायची. दळण घरच्या मिक्सरवरच करते, कारण गिरणीत आधीच्या दळणातले गहू-बेसन मिसळतात आणि बाळाला नेमकं काय सोसलं नाही ते मग कळत नाही. मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा, पीठ वस्त्रगाळ करायचं, पूर्ण गार करून बरणीत भरायचं. गरम भरलं की झाकणाला आतून घाम येतो, तिथून गाठी सुरू होतात.

कापडातून पाण्याने गाळून, खाली बसलेला साका वाळवून केलेलं सत्त्वही लोक करतात. ते गुळगुळीत होतं, पण कोंड्याबरोबर बरंच कॅल्शियम निघून जातं. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, त्यासाठीच तर ती द्यायची. म्हणून मला मोडाचं पीठच पटतं.

ज्वारीच्या बाबतीत कळकळीने सांगते. आपल्याकडे मंगळवेढ्याची मालदांडी घरोघरी असते, म्हणून नाचणीसारखेच तिलाही मोड आणावेत असं वाटतं. आणू नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरिन नावाचा घटक असतो आणि त्यातून सायनाइड सुटतं. जनावरांना कोवळी ज्वारी चारत नाहीत ते याच कारणाने. बाळासाठी ज्वारीच्या लाह्या फोडून त्यांचं पीठ करावं. ते पचायला हलकं असतं, पाण्यात पटकन मिळतं.

रोजच्या जेवणाला खिमटी. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, दोन्ही धुऊन, सावलीत कडक वाळवून, वेगवेगळं भाजून मग एकत्र रव्यासारखं भरडायचं. एकत्र भाजलं तर डाळ करपते आणि तांदूळ कच्चाच राहतो. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत याच्याच जवळच्या प्रकाराला उग्गू म्हणतात. मोठे दोन चमचे भरड 200 मिलिलिटर गार पाण्यात कालवून मगच गॅसवर ठेवायची, गरम पाण्यात टाकली की गुठळ्या होतात. ढवळत 8 ते 10 मिनिटं शिजवायची, खाली उतरवून अर्धा चमचा तूप. मीठ आणि साखर वर्षभर नाही. मध तर वर्षाच्या आत बोटावरही नाही, कारण त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्याला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती पातळपणात. डाळीचं वरचं पाणी, भाताची पेज यांनी पोट भरतं, अंगी काही लागत नाही. चमचा तिरका केला तर खिमटी त्यावर टिकली पाहिजे, पाण्यासारखी ओघळता कामा नये. नाचणीची खीर फार घट्ट झाली की पाणी न वाढवता ती सैल करता येते. त्यासाठी मोडाचं थोडं पीठ भाजण्याआधीच वेगळं दळून ठेवते, कारण भाजल्यावर हा गुण जातो. खीर गॅसवरून उतरवून दोन-तीन मिनिटं निवली की हे पीठ पाव चमचा मिसळते. मोडातलं अमायलेज नावाचं विकर (पाचक द्रव्य) स्टार्च तोडतं आणि पाहता पाहता खीर सैल होते. मग परत एक उकळी द्यायची, कारण हे पीठ कच्चं असतं. पळी खिरीत उभी राहत होती ती आडवी पडते, इतका फरक पडतो.

सहा महिने पूर्ण झाले, मान धरली, आधाराने बसता आलं की सुरुवात करायची. आधी दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा, आणि अंगावरचं दूध चालूच. आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दोन-तीन वेळा. नवा पदार्थ एका वेळी एकच, तीन दिवस. खिमटीत लिंबाचे दोन थेंब पिळले तर डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. शेंगदाणा द्यायचा तो भाजून, अगदी बारीक कूट करून, चिमूटभर खिमटीत; खवट किंवा काळपट दाणे आधी वेचून टाकायचे. अख्खा दाणा आणि डाळिंबाचा अख्खा दाणाही नको, श्वासनलिकेत अडकतो. बाळाच्या वाटीतलं उरलेलं परत ठेवायचं नाही, लाळेने ते उन्हाळ्यात तासाभरात बिघडतं.

आता पाणी. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून घरात पिंप, टब, बादल्या भरलेल्या असतात. फेंगशुईत, म्हणजे घराच्या मांडणीच्या चिनी पद्धतीत, आग आणि पाणी शेजारी नसावं असं मानतात. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. गॅसशेजारचा माठ मी हलवला तो पिठाच्या डब्यांना बाष्प लागत होतं म्हणूनही, पण ही कल्पना मनाला पटली. स्वयंपाक करताना दार दिसावं, ही त्यांची दुसरी गोष्ट. ओटा हलवणं शक्य नव्हतं, म्हणून बाळाची जागाच ओट्यावरून दिसेल अशा कोपऱ्यात आणली. मुख्य दारातल्या चपला, सायकल, पोती काढली, समोरासमोरच्या खिडक्या संध्याकाळी उघडल्या की वारा आरपार येतो.

फेंगशुईच्या शोभेच्या वस्तूंत मात्र बाळ आधी. लाल दोऱ्यातली चिनी नाणी तोंडात जातात, ती काढली. मनी प्लांटची पानं चावली तर तोंडाची आग होते, त्याची कुंडी वर टांगली. बांबूच्या काचपात्रातलं पाणी दर चार दिवसांनी ओतून पात्र घासते, तिथे डेंग्यूचा डास अंडी घालतो.

रांगतं बाळ बादलीत डोकं खाली करून पडलं तर काही इंच पाण्यातही बुडतं, आणि आवाज होत नाही. म्हणून पिंपांना घट्ट झाकणं, बादल्या न्हाणीत, न्हाणीला बाहेरून उंचावर कडी. पिण्याचं पाणी उकळून, झाकून, लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढते, हात बुडवत नाही. पाणी यायच्या दिवशी पिंप रिकामं करून आतला बुळबुळीत थर ब्रशने घासते, आणि त्याच दिवशी नवी नाचणी भिजत घालते, कारण रोळायला आणि बदलायला भरपूर पाणी तेव्हाच हाताशी असतं.