चुका होतात का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

लहान मुलांच्या इमर्जन्सीत नर्स आहे असं कळलं की ओळखीचे लोक, कधीकधी बाहेर थांबलेले आईवडीलसुद्धा आवाज खाली आणून विचारतात, "सिस्टर, खरं सांगा, तिथे चुका होतात का हो?"

होतात. पण कशा होतात आणि कशा अडवल्या जातात, ते सांगायला हवं.

मोठ्या माणसाचं हृदय बंद पडलं तर अ‍ॅड्रेनालिनचं १ मिलिग्रॅमचं अख्खं अँप्युल शिरेतून जातं. हिशेब करावा लागत नाही. ८ किलोच्या बाळाला मात्र किलोमागे ०.०१ प्रमाणे ०.०८ मिलिग्रॅमच लागतं. त्यासाठी तेच अँप्युल (१ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम) सलाइन घालून १० मिलिलिटर करायचं आणि त्यातलं फक्त ०.८ मिलिलिटर द्यायचं. पातळ करायचं राहिलं तर डोस थेट दहापट. दशांश चिन्ह एक घर सरकलं तरी दहापट, आणि ८ मिलिलिटर भरलेली सिरिंज बघून डोळ्यांना काही वावगं वाटत नाही. हे सगळं बाळाची छाती दाबणं चालू असताना, काही सेकंदांत. वजन करायला वेळच नसेल तर बाळाच्या लांबीवरून वजनाचा अंदाज देणारी रंगीत ब्रोसलो टेप लावतो. तिचा मोठा आधार असतो, पण सिरिंज शेवटी माणूसच भरतो.

म्हणून तोंडी ऑर्डर आली की आम्ही ती मोठ्याने परत म्हणतो: "अ‍ॅड्रेनालिन, एकास दहा हजार, शून्य पॉइंट आठ एमएल." (एकास दहा हजार म्हणजे ते दहापट पातळ केलेलं.) डॉक्टर "बरोबर" म्हणाले की मगच औषध जातं, आणि गेल्यावर "दिलं" असं पुन्हा सांगायचं.

आता समजा, नवीनच लागलेली एखादी मुलगी मध्येच म्हणाली, "सर, थांबा. हे पातळ केलंय ना?" औषध बरोबरच असलं तरी सर "बरं झालं विचारलंस" म्हणाले, तर ती पुढच्या वेळीही विचारते, आणि ते ऐकणाऱ्या बाकीच्याही विचारतात. "तुला काय कळतं?" म्हणाले, तर सगळ्यांचीच तोंडं बंद होतात. माझ्या मते मुलांची सुरक्षितता या एका उत्तरावर जितकी ठरते तितकी कुठल्याही मशीनवर ठरत नाही.

चुकांच्या नोंदीचंही तेच. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीम्सच्या नावावर चुका जास्त दिसल्या. त्यांनी अर्थ काढला तो असा, की या टीम्समध्ये लोक चूक मोकळेपणाने सांगत होते. अमेरिकेत २००४ मध्ये हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांसाठी एक प्रश्नावली निघाली. चूक नोंदवली की अडचणीपेक्षा माणसाचीच नोंद झाल्यासारखं वाटतं का, असं तिच्यात विचारलं होतं. फार नेमका प्रश्न आहे. चूक नोंदवायचा इन्सिडंट फॉर्म भरणाऱ्या नर्सला मेमो मिळाला तर पुढच्या महिन्यात फॉर्म येतच नाहीत, आणि मीटिंगमध्ये "या महिन्यात शून्य चुका" असं वाचून दाखवलं जातं. मला त्या शून्याची भीती वाटते. सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या एकाच ट्रेमध्ये शेजारी ठेवल्या असतील, तर मेमो दिल्याने त्या लांब जात नाहीत.

आईवडिलांचं बोलणंही मी यातच धरते. आजारी मूल बराच वेळ ब्लड प्रेशर टिकवून धरतं आणि मग एकदम ढासळतं. त्यामुळे मॉनिटरवरचे आकडे चांगले असताना आई म्हणाली, "हा नेहमीसारखा नाहीये," तर मी मुलाला परत तपासायला लावते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २०१३ पासून 'रायन्स रूल' आहे. पेशंटची तब्येत बिघडतेय आणि कुणी ऐकत नाही असं वाटलं, तर घरचे लोक फोन करून वेगळ्या डॉक्टर किंवा नर्सकडून तपासणी मागू शकतात. असा नियम सगळीकडे हवा.

तुम्ही मुलाला घेऊन आलात तर वजन किलोत सांगा आणि ते कधी केलं होतं तेही सांगा. घरी दिलेल्या औषधाची बाटली सोबत आणा. तोच प्रश्न तिघांनी विचारला तरी तिघांना उत्तर द्या, तो विचारायचाच असतो. इंजेक्शन भरताना "हे कशाचं, किती?" असं विचारा. समोरच्या सिस्टरला राग आला तरी विचारा.